ऋतुजाचा नकाशा

३ फेब्रुवारी
खराडीतली नोकरी सुरू झाली. अकोल्याच्या माणसाला इथली थंडी म्हणजे चैन! आम्ही एमआरआयसाठी हेल्मेटसारखी कॉइल बनवतो. आत तारेची बत्तीस वेटोळी, प्रत्येक वेटोळं डोक्याचा आपापला तुकडा ऐकतं. त्यामुळे मशीन चित्राच्या चार ओळींतली एकच मोजतं, उरलेल्या तीन स्वतः भरतं. सगळं झटपट. आईला फोनवर समजावलं, तर म्हणाली, म्हणजे कामचुकारपणाच की.

५ फेब्रुवारी
जो कॉइल जुळवतो, त्याचंच डोकं आधी आत, हा इथला रिवाज. आमचे प्रमुख आमोद सर म्हणाले, इतर लोक नारळ फोडतात, आपण डोकं घालतो. ओळी भरायला आधी त्याच माणसाचा नकाशा घ्यावा लागतो, म्हणजे कुठलं वेटोळं त्याच्या डोक्याचा कुठला तुकडा ऐकतं त्याची नोंद. पण कॉइल बघायला आलेले पाहुणे खोळंबले होते, म्हणून सरांनी ऋतुजाचा जुना नकाशा लावला. माझ्या आधी ती या जागेवर होती, दिवाळीत अपघातात गेली. चित्र बिघडायला हवं होतं. उलट इतकं स्वच्छ आलं की सगळे खूश. मीसुद्धा.

१० फेब्रुवारी
रोज तोच नकाशा. आता आठातली एकच ओळ. बिनसाखरेचा चहा मला घोटभरही जात नाही. आज दोन कप प्यायले. सर म्हणाले, पुणं मानवलं म्हणायचं.

१४ फेब्रुवारी
लहानपणचं घर आठवायला गेले, तर अंगणात विहीर, गोठा, मागे वारज्याची टेकडी. आम्ही तर अकोल्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मला भीती वाटते. आत जाणार नाही म्हणाले. सर म्हणाले, उद्याचं एवढं कर, मग कायम झालीस.

१५ फेब्रुवारी
सोळातली एक. उरलेल्या पंधरांत मी नव्हतेच. मग कोण—

१६ फेब्रुवारी
आईचा चेहरा आठवत नाही. लिहून ठेवते. माझी आई मुक्ताई, अकोला. मी भाग्यश्री. माझी आई मु—

१७ फेब्रुवारी
पाय आपोआप वारज्याला. फक्त घरच्यांना ठाऊक असलेली कोनाड्यातली किल्ली न शोधता सापडली. मथुराबाई, ऋतुजाची आई, आतून बघत होती. घाबरली. मग रडली. लई उशीर केलास म्हणाली, पाट मांडला.

फोन वाजतोय. नाव दिसतंय: आई, अकोला. पण आई तर इथे, भाकरी वाढतेय— विचारते, कुणाचा हाय गं. म्हटलं, कुणाचा नाही. चुकून लागला अस—