दादाच्या अंगाचा वास

व्हिएन्ना
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप कोकिळावहिनी,

हिंमतचा पाया पडून नमस्कार. तुमच्या नावाआधी गं. भा. लिहायची रीत आहे. ती दोन अक्षरं माझ्या हातून कधीच उतरली नाहीत, आजही उतरून नाही राह्यली.

इकडं मी खुशाल आहे. दीपमालाचं घर सहाव्या मजल्यावर आहे. जवाईबापू शेखरराव मले दोन-दोन स्वेटर घालाले लावतात, तरी नाक वाहून राह्यलं. दही मिळते, पण त्याले चवच नाही बाप्पा. पोट्टी कामावर गेली की मी खिडकीत बसतो अन् ट्राम येते-जाते ते पाहतो. तुमचा गुडघा कसा आहे? रामनं तेल आणून देलं का? सोयाबीन सोंगून झालं असंल. त्याले म्हणा, गंजीवर ताडपत्री घाल, यंदा आभाळाचा भरोसा नाही.

फोन असताना पत्र काऊन लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. फोन केला की राम तो मोठ्या आवाजात लावून सगळ्याइच्या मधात ठेवते. मंग राखी बोलते, लेकरं बोलतात, तुम्ही पदर सावरत म्हणता, "भाऊजी, जेवले का?" अन् मी जेवलो म्हणून ठेवून देतो. शेखररावांच्या ऑफिसातला देऊळगाव राजाचा एक जण येत्या शनिवारी दिवाळीसाठी घरी निघून राह्यला. त्याच्या हाती हे पाकीट देतो. तो ते तुमच्याच हातात देईल. तुम्ही सातवी शिकल्या आहात, कोणाकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावा अन् एकट्या बसून वाचा.

रविवारी या दोघांनी मले वाइनचा कारखाना पाहाले नेलं. हसू नका. मी म्हटलं, शेखरराव, मी थेंब घेत नाही, मले काहाले नेता? ते म्हणे, "मामाजी, प्यायची नाही, तळघर पाहायचं. तीनशे वर्षांचं आहे."

गाडीनं तासभर गेलो. एका खेड्याच्या बाहेर टेकाडाच्या कडेनं एक गल्ली आहे. नुसती दारंच दारं, पांढऱ्या चुन्यानं रंगवलेली. घर एकही नाही, कोणी राहत नाही. प्रत्येक दाराआड जमिनीत उतरणारं तळघर आहे. मी पाहतच राह्यलो. आपल्या गावच्या पांढरीवर कशी धान्याची पेवं होती वहिनी, तसंच. दीपमालानं पेव कधी पाह्यलं नाही. तिले मी सांगतलं, दोन पुरुष खोल खड्डा, तोंड एका माणसापुरतं. आतून कडबा लावून ज्वारी भरायची, वर शिळा ठेवून लिंपायचं. उघडलं की आत कोंडलेली वाफ माणसाले मारते, म्हणून दोन दिवस तोंड उघडं ठेवायचं. मंग पेटता कंदील दोरीनं तळापर्यंत सोडायचा. जळत राह्यला तरच माणसानं उतरायचं.

ती म्हणे, "बाबा, मोठे बाबा पेवातच गेले ना?"

मी हाव म्हटलं.

तळघराचा मालक माझ्याच वयाचा बुढा, सून कारभार पाहते. या दिवसात त्याइची द्राक्षं नुकतीच निघालेली असतात, रस खाली पिंपात आंबत असतो. भिंतीवर हवा मोजायचं यंत्र होतं, मोठा पंखा चालू होता, लाइट होते. तरी बुढ्यानं एका काठीच्या टोकाले मेणबत्ती बांधली अन् ती गुडघ्याच्या खाली धरून पुढं चालाले लागला. शेखररावांनी विचारलं, यंत्र आहे तर हे काहाले? तो काय म्हणाला ते शेखररावांनी मले सांगतलं. यंत्र बिघडते, म्हणे. आंबणाऱ्या रसाची वाफ जड असते, ती आधी पायाशी साचते, माणसाले कळत नाही. त्याच्या घरात नियम आहे. जो खाली जाईल त्यानं मेणबत्ती स्वतःच्या हातात धरायची. मी पाहून आलो, असं दुसऱ्यानं सांगतलं म्हणून उतरायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

वहिनी, चाळीसेक पायऱ्या होत्या. अर्ध्यावर मले तो वास आला. आंबूस, गोडसर, नाकात चढणारा. मी तिथंच पायरीवर बसलो. बुढ्याले वाटलं मले वाफ लागली. त्यानं माझ्या काखेत हात घालून मले वर आणलं, पाणी पाजलं, माझ्या पाठीवरून हात फिरवत राह्यला. दीपमाला तर रडाले लागली. मी म्हटलं काही नाही, पायऱ्या चढून दम लागला.

तोच वास होता. दादाले वर काढलं तेव्हा त्याच्या सदऱ्याले, धोतराले, केसाले होता तो. पोळ्याचा दुसरा दिवस, कर होती, सालभर न पिणारा माणूसही त्या दिवशी घेते. दादाचा सोबती जानराव वाकला, वास घेतला अन् म्हणाला, "रात्रीची उतरली नाही वाटते याची." सगळ्याइनं तेच धरलं. तुम्ही अंगणातून पळत आल्या, दादाच्या छातीवर पडल्या, अन् तुम्हालेही तोच वास आला. तुम्ही एकदम मागं सरकल्या, ते मले आजही दिसते.

वहिनी, ती दारू नव्हती. त्या साली पेवाच्या तळाशी पाणी मुरलं होतं. तिथं उरलेली ज्वारी आंबली होती. दादा तिच्यात पडला होता. दाणा आंबला की दारूसारखाच वास येते. त्या बुढ्याच्या तळघरात मले हे समजलं, अन् तुम्हाले कधी सांगतो असं झालं. दादा शुद्धीवर होता. तुमच्या मनातलं ते काढून टाका.

बाकी सगळं ठीक. रामले आशीर्वाद. राखीले अन् लेकराइले आशीर्वाद.

तुमचा दीर,
हिंमत


शुक्रवार, १० ऑक्टोबर

वहिनी, काल सही करून मी पाकीट चिकटवलं होतं. आज सकाळी फाडलं. दीपमाला विचारते, बाबा काय करून राह्यले? मी म्हटलं एक गोष्ट राह्यली.

वर लिहिलं ते खरं आहे, पण तेवढंच तुम्ही वाचलं असतं तर काय झालं असतं ते मले ठाऊक आहे. तुम्ही रडल्या असत्या, मी आल्यावर माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या असत्या, अन् गावात सांगत फिरल्या असत्या की आमच्या भाऊजीनं परदेशात जाऊन दादाच्या अंगावरचा डाग पुसला. ते मले सोसलं नसतं. दादा पेला नव्हता हे समजाले मले ऑस्ट्रियाले यायची गरज नव्हती. मले ते त्याच दिवशी माहीत होतं.

आता सरळ लिहितो, मधात थांबलो तर पुन्हा होणार नाही.

पेवाची शिळा आम्ही पोळ्याच्या आदल्या दिवशीच काढली होती. कंदील सोडून पाहायचं काम दादानं मले देलं. करीच्या सकाळी मी कंदील हलवून पाह्यला तर त्यात घासलेट नव्हतं. दुकानापर्यंत जाऊन यायचं, मंग तो पेटवायचा, सोडायचा, वाट पाहायची. चिखलीले त्या दिवशी कुस्त्याइची दंगल होती अन् माझं सगळं ध्यान तिकडं. दादा पांढरीवर आला, कमरेले दोर बांधाले लागला अन् म्हणाला, "कंदील सोडला का बे?"

मी म्हटलं, "हाव दादा, सोडला. मस्त जळत होता."

मस्त जळत होता. हे मले कोणी विचारलंही नव्हतं, मीच वरून जोडलं. म्हणून त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या पाठीत एक धपका मारला अन् खाली उतरला. पहिलं टोपलं अर्धंच भरलं होतं, मी ओढून घेतलं. मंग त्याच्या कमरेचा दोर ढिला पडला. मी दोन-तीनदा हाका मारल्या. मले वाटलं दादा मस्करी करून राह्यला. मंग मी बोंब मारली अन् माणसं जमली.

पोलीस पाटलानं मले बाजूले घेऊन विचारलं, "पेला होता का रे तो?" वहिनी, मी एकवीस वर्षाचा होतो. म्हणून सूट मागत नाही, एकवीस वर्षाच्या माणसाले खरं-खोटं कळते. कंदिलाचं कोणी विचारू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी मान हालवली. हो म्हणून हालवली. कंदिलाचं कोणी विचारलंच नाही, पेलेला माणूस कंदील पाहत नाही असं सगळ्याइनं धरून घेतलं.

अन् त्या सकाळची आणखी एक गोष्ट आहे. पांढरीवर येताना जानरावनं दादाले ओट्यावर बोलावलं, गिलास पुढं केला. मी दादाच्या मागंच होतो. दादा म्हणाला, "नाही बे जानराव. पोराच्या डोक्यावर हात ठेवून कोकिळाले वचन देलं. आता घेणं नाही." जानराव हसला. दादाही हसला अन् पुढं आला. जानरावले ते आठवलं नसंल, तो स्वतःच टाइट होता. मले आठवत होतं.

तुम्ही म्हणायच्या, रामच्या डोक्यावरची शपथ बापानं मोडली, आता ती पोराले भोवणार. राम तापानं फणफणला की तुम्ही त्याच्या डोक्यावर पाणी ओतायच्या अन् हेच म्हणायच्या. मी तिथंच खाटेच्या पायथ्याशी उभा असायचो. राखीचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर बसून तुम्ही माझा हात धरला अन् म्हणाल्या, "भाऊजी, ते काही फिटत नाही आपल्या घरातून." तुमचा हात मी सोडवून घेतला अन् चहा आणाले गेलो. माझ्या सगळ्या जन्मात याच्याहून नीच काम मी केलं नाही, त्या सकाळचंही नाही.

लोक म्हणतात, हिंमतरावनं भावाच्या पायी दारूले कधी हात लावला नाही, भावजयीले अन् पुतण्याले सांभाळलं, असा दीर पाहाले भेटत नाही. तुम्हीही म्हणता. मी ऐकून घेत आलो. वावर केलं, रामले शिकवलं, तुमच्या गुडघ्याले मलकापूर, अकोला केलं, ते सगळं खरं आहे. पण ते करताना दर वेळी मले वाटायचं, आता हे झालं म्हणजे ते बोलायची गरज राहणार नाही. तशी गरज कधीच संपली नाही, वहिनी.

मी सतरा तारखेले मलकापूरले गाडीतून उतरीन. तिथून आधी जानरावच्या ओट्यावर जाणार आहे. तो ऐंशीचा झाला, कान गेले, तरी मी ओरडून सांगीन, चार माणसं ऐकतील असं. दादा पेला नव्हता, अन् त्याले खाली मी पाठवलं. मंग रामले सांगीन. हे तुम्ही त्याले सांगू नका, ते माझ्याच तोंडून त्यानं ऐकलं पाहिजे. तो मले मारंल तर मारू द्या. त्यानंतर घरात येऊ की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हटलं तर मी मलकापूरले रेणुकाताईकडं राहीन, ती बहीण आहे, खोली देईल. माझ्या कपड्याची ट्रंक तेवढी पाठवा.

माफ करा असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं, ते वर दिसंल तुम्हाले. तुम्हाले माफी मागायचं माझं तोंड नाही.

एकच मागतो. दादाच्या फोटोले तुम्ही दर पोळ्याले हार घालता, पण मान खाली घालून घालता. शेहेचाळीस वर्षं तुम्ही त्याच्याकडं पाह्यलं नाही, त्याचं नाव घेतलं नाही. बायका फोटोसंगं भांडतात, बोलतात, तुम्ही एक शब्द बोलल्या नाहीत. हे पत्र वाचून झालं की त्याच्यासमोर जा. त्यानं वचन मोडलं नव्हतं. त्याच्याशी धरलेला अबोला सोडा वहिनी, अन् धरायचाच असंल तर तो माझ्याशी धरा.

तुमचा अपराधी,
हिंमत