लग्नाच्या डिस्कवरची पिवळी अक्षरं

५ मार्च, काराकोल

नक्कल झाली! चित्र झकास. पण खालची अक्षरं? एकही नाही!

एलामानच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची डिस्क. सतरा वर्षांत चरे पडलेत, मध्येच अडकते, म्हणून कॉम्प्युटरवर उतरवून घेतेय. नवरोजला सगळे जमले की बाबांना ती बघायचीय. या हिवाळ्यात त्यांचे कान पार गेले. मघाशी म्हणाले, "तुझ्या आईचं तोंड हलतंय. म्हणतेय काय?"

मला तरी कुठे ठाऊक! आई आशीर्वाद द्यायला उठली तेव्हा मी आत चहा ओतत होते, बाबा बाहेर मटणाच्या कढईपाशी. आणि त्या कीबोर्डवाल्यानं नेमका तेव्हाच असा धिंगाणा घातलाय की एक शब्द लागेल तर शपथ. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तिचे शब्द उरलेत ते सबटायटलमध्येच. नव्या नवरीनं, नुरजातनं, स्वतः बसून टाइप केले होते ते — तिची बहीण जन्मापासून बहिरी, तिच्यासाठी.

६ मार्च

माझाच वेंधळेपणा. सबटायटलच्या चौकोनात खूणच केली नव्हती.

९ मार्च

खूण केली, अक्षरं आली — काळ्यावर काळी! डोळे फोडून घेतले नुसते. मग कळलं, ही अक्षरं म्हणजे चित्रं असतात आणि त्यांचे रंग डिस्कवरच्या बारक्या फायलींत असतात. मी मोठ्या फायली तेवढ्या उचललेल्या. आता अख्खं फोल्डर घेतलं. पिवळीधमक! इतका आनंद झाला की बाबांना बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून घातले. सहा खाल्ले.

नुरजातला फोन केला, बिश्केकला. विचारलं, "आई काय म्हणाली होती गं तेव्हा? तू शेजारीच उभी होतीस."

"वन्सं, लिहिलंय ना सगळं." आणि लगेच हवेबद्दल बोलायला लागली.

१३ मार्च

डिस्कच्या दुसऱ्या भागात वेळ घसरलीय. तोंड आईचं आणि खाली मामांचा दारू न पिण्याचा उपदेश! (मामांनी!) बाबा आणि मी पोट धरधरून हसलो. पण आईची ओळ कोणती, ते काही कळेना.

१६ मार्च

चित्रांची साधी अक्षरं करून देणारा प्रोग्राम मिळाला. प्रत्येक ओळीआधी बोलणाऱ्याचं नाव आहे, म्हणून आईचं नाव टाकून शोधलं — कानिमगुल. शून्य. पुन्हा शोधलं. शून्य. साडेतीन तासांत सगळ्या गावाचे आशीर्वाद आणि तिचाच नेमका नाही? बाबांना अजून सांगितलं नाही.

१७ मार्च

नुरजातला पुन्हा फोन. ती हळूच, "अहो वन्सं, सासूचं नाव मी कसं घेणार? लिहितानासुद्धा?"

कपाळावर हात मारला! आमच्यात सून सासरच्यांची नावं घेत नाही, हे मी, या घरची लेक, साफ विसरले. माझंच नाव तिनं कधी घेतलंय? म्हटलं, "मग काय लिहिलंस?"

"पांढऱ्या रुमालाच्या. डोक्याला कायम तोच बांधायच्या ना. तसं शोधा. आणि वन्सं... रागावू नका हं माझ्यावर."

कशाला रागावू? पहिल्या झटक्यात सापडली! वेळही जुळवली. पण ओळ वाचली नाही. उद्या बाबांबरोबरच वाचणार.

१८ मार्च

वाचली. 'पांढऱ्या रुमालाच्या म्हणतात: सूनबाई, कुणी मला आई म्हणतं, कुणी काकी, नवरा एलामानची आई म्हणतो. माझी आई गेल्यापासून माझं नाव कुणी घेतलं नाही. तू मला नावानं हाक मार.'

म्हणून नुरजातचं ते 'रागावू नका'! बाबांनी तीनदा मागे घ्यायला लावलं. मग टीव्हीकडे बघून नाव घेतलं. ऐकू येत नाही म्हणून हल्ली ओरडूनच बोलतात — कानिमगुल! अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल.