असं कोणी मरत नाही

बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

आज कॅफेत गेले. एकटी. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून जुने.

बसस्टँडमागच्या गल्लीत, मोबाईलच्या दुकानावर, जिना चढून. दाराच्या काचेला काळा कागद, आत लाल बल्ब, आणि प्लायवूड ठोकून केलेले खोपे. मी आत पाय टाकला आणि तीन खोप्यांत एकदम आवराआवर सुरू! एक पोरगी ओढणीत तोंड गुंडाळून माझ्या बगलेतून जिना उतरून गेली. मागून तिचा हिरो – आतच हेल्मेट घातलेलं.

मालक अनुप. तिशीचा, दाढी कोरलेली. त्याला आधी वाटलं मी कोणाची तरी आई आहे. मग वाटलं पोलीस. मी म्हटलं कॉफी प्यायला आले, तर त्याचा विश्वासच बसेना. शेवटी कोल्ड कॉफी आणली, वर चॉकलेटचा बदाम काढलेला, आणि समोर हात जोडून उभा.

"काकू, पैसे नका देऊ. फक्त लवकर प्या. तुम्ही बसून राहिल्या त माही दुपार बुडते."

अर्धा तास लावून प्यायले. चौतीस वर्षं ड्युटीवर उभ्याने चहा गिळला. आता कोणासाठी घाई करणार नाही. बदाम सगळ्यात शेवटी खाल्ला.

गुरुवार, ४ सप्टेंबर

हे खूळ कुठून आलं ते लिहून ठेवते.

दवाखान्यातून रिटायर होऊन तीन महिने झाले. सत्काराला सगळे म्हणाले, सिस्टर, आता आराम करा. केला. आठ दिवसांत आराम संपला. आमचे हे, भैय्यालाल, सकाळी त्यांच्या भांड्यांच्या दुकानात जातात, संध्याकाळी येतात. दिवसाला नऊ वाक्यं बोलतात, त्यातली चार "पंखा बंद कर".

जन्म भंडाऱ्यात गेला, पण मला शहर माहीत ते घर ते दवाखाना एवढंच. मधल्या दुकानांच्या फक्त पाट्या वाचल्या. म्हणून ठरवलं – दर बुधवारी, कधी पाय ठेवला नाही अशी एक जागा.

भैय्यालालना सांगितलं. म्हणाले, "पंखा बंद कर."

बुधवार, १० सप्टेंबर

पुस्तकाचं दुकान. पुढे सगळं तलाठी भरती, पोलीस भरती, वनरक्षक भरती. कथा-कादंबऱ्या विचारल्या, तर मालकाने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं – असं, जणू मी भलतंच काही मागितलं. मागे अंधार, धूळ आणि चारशे पुस्तकं. स्टुलावर बसून दोन तास वाचलं. कोणी उठवलं नाही. मी आत आहे हे मालक विसरला आणि कुलूप लावून जेवायला गेला.

बुधवार, १७ सप्टेंबर

हातमागाचं दुकान. मालकीण आपल्या इकडच्या कोसा रेशमाच्या साडीवर अर्धा तास बोलली – किडा, झाड, कोष, धागा. किड्याबद्दल इतक्या मायेने बोलली की साडी घ्यायला लाज वाटली. नाही घेतली. तिला राग आला. किड्याला आला नसावा.

बुधवार, २४ सप्टेंबर

आजचं जरा लांबेल.

धानाच्या गोदामामागे एक टिनाचं शेड आहे. दारात राजवाडा वाळत घातलेला दिसला. राजवाडा म्हणजे पडदा – नाटकाचा. वीस फूट. शेजारी जंगल वाळत होतं, त्याच्यावर कोंबडी चालली होती. आत गेले.

रंगवणारा जागेश्वर. साठीचा, नखांत निळा रंग. झाडीपट्टीतल्या कंपन्यांचे पडदे रंगवतो, स्वतःची कंपनीही चालवतो, नाटकंही स्वतःच लिहितो. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, प्रयोग, म्हणून सध्या तालमी. मला रंगाच्या डब्यावर बसवलं, चहा दिला. मी कोण ते नंतर विचारलं. चांगला माणूस.

तालीम पाहिली. शेवटच्या अंकात म्हातारी आई मरते. म्हातारी करत होती मोनिका, वय चोवीस, डोक्याला पांढरी पावडर. छातीवर हात ठेवून तिने मोठ्या मुलाला उपदेश केला, मग धाकट्याला, मग सुनेला, मग गावाला. मग एकदम मान टाकली. पाच मिनिटं!

मला हसू आवरेना. चहा नाकातून आला. तालीम थांबली. जागेश्वरने विचारलं, काय झालं बाई?

"असं कोणी मरत नाही," मी म्हटलं.

तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मंग कसं मरते ते दाखवा."

मी काय सांगणार होते? तोंडानेच चार गोष्टी सांगायच्या होत्या. पण गुडघे धरून सतरंजीवर आडवी झाले. डोळे मिटले, आणि हात आपोआप चालू लागले. सतरंजीवरून. चिमटीत काहीतरी धरायचं, खाली खोचायचं, पुन्हा धरायचं, पुन्हा खोचायचं. रोवणा करतात तसं – चिखलाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, धानाचे परे लावतात तसं. मधेच श्वास थांबवला. पुन्हा घेतला. म्हटलं, "एक बांधी राहिली वो. लावून येतो." मग पुन्हा हात. मग एक हात थांबला. मग दुसरा.

डोळे उघडले. मोनिका रडत होती, पावडरीतून ओघळ.

हे मी मनाने रचलं नाही. बेड नंबर अकरा, बायकांचा वॉर्ड. पंधरा-सोळा वर्षं झाली. धानवाली बाई होती कुठलीशी, नाव आठवत नाही. अशा किती गेल्या. पण ते हात लक्षात राहिले.

गुरुवार, २५ सप्टेंबर

जागेश्वर घरी आला. भूमिका मी करावी म्हणतो. मोनिकाला सून करायचीच होती, तिला आनंद झालाय म्हणे. चोवीस वर्षांच्या पोरीला पावडर लावून कोण मरायला तयार होईल!

भैय्यालाल जेवत होते. जागेश्वर गेल्यावर त्यांचा दिवसाचा कोटा एका दमात संपला. या वयात तोंडाला रंग लावणार, रात्र-रात्र गावोगाव फिरणार, दुकानात गिऱ्हाईक काय विचारणार – सगळं बोलले. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, चौतीस वर्षं नाईट ड्युटी केली तेव्हा गिऱ्हाईक काय विचारत होतं?

पंखा त्यांनी स्वतः उठून बंद केला.

बुधवार, १ ऑक्टोबर

हो म्हटलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

तालमीत कळलं की मला मरता येतं, पण जगता येत नाही. पहिल्या दोन अंकांत मी रजिस्टर वाचल्यासारखी बोलते. जागेश्वर म्हणाला, "बाई, हा तुमचा पोरगा आहे, पेशंट नोहोय. त्याले ओरडा, पण मायेनं." मी म्हटलं पेशंटलाही मायेनंच ओरडत होते. तो म्हणाला, मग त्यांना ते समजलं नसेल.

हे बोलणं टोचलं. घरी येईपर्यंत टोचत होतं.

पोस्टर छापून आलं. सगळ्यात खाली – सौ. कौशल्याबाई, भंडारा. अनुपच्या कॅफेत एक चिकटवायला नेलं. मला जिन्यात पाहूनच त्याचा चेहरा उतरला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

काल अड्याळच्या मंडईत पहिला प्रयोग झाला. दुपार झाली, आत्ता उठले. कंपनीच्या ट्रकमध्ये पडद्यांच्या गुंडाळ्यांवर बसून गेले, म्हणजे राजवाड्यावर बसून. पाठ कामातून गेली.

पहिल्या अंकात दोन वाक्यं विसरले, मोनिकाने सांभाळलं. कोणीतरी मागून शिट्टी मारली. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिट्टी! नोंद घ्यावी. शेवटचा अंक आला, मी आडवी झाले, हात चालू लागले. एवढी माणसं समोर, आकाशपाळणा बाजूला, आणि तरी मला माझा श्वास ऐकू येत होता. "एक बांधी राहिली वो" म्हटलं तेव्हा बायकांच्या बाजूने कोणीतरी जोरात "माय!" म्हणालं. मला वाटलं, रंगलंय. खरं सांगते, मरता-मरता खूश झाले.

भैय्यालाल आले होते! न सांगता, एसटीने, मागे उभे. पहाटे सोबतच परत आलो. बसमध्ये साकोली नाका आला. मग म्हणाले, "मले वाटलं खरंच गेली." आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दुपारी दुकानातून फोन आला, ताबडतोब ये. भैय्यालाल कधी फोन करत नाहीत. मी चप्पल उलटसुलट घालून गेले.

पितळेच्या घागरींमध्ये एक बाई स्टुलावर बसली होती. पन्नाशीची, हिरवं लुगडं, हात शेतातले. देवकाबाई, आसगावच्या. पोस्टरवरचं नाव विचारत-विचारत इथवर आलेल्या. भैय्यालालनी त्यांच्यासाठी स्वतः चहा सांगितला होता. मी आल्यावर ते उठून दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

देवकाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्या दवाखान्यातल्या सिस्टर नं? बायकायच्या वॉर्डातल्या?"

मी हो म्हटलं.

"मी रुखमाची पोरगी. अकरा नंबर."

त्या हळूहळू बोलल्या. त्या दिवशी दोन दिवसांच्या उपाशी होत्या म्हणून खाली भजे खायला गेल्या. वर आल्या तोवर आईच्या तोंडावर चादर. भाऊ दोघंही गावाला नव्हते. त्यांनी मला विचारलं होतं, माय काही बोलली काय? आणि मी म्हटलं होतं, शांत गेल्या. इथे अंगठा लावा.

मला तो प्रश्न आठवत नाही. पण उत्तर माझंच. सगळ्यांना तेच द्यायचे. तोंडात तयारच असायचं.

देवकाबाई म्हणाल्या, रोवण्याच्या दिवसांत आईला जेवायला हाक मारली की ती वाकल्या-वाकल्याच सांगायची – एक बांधी राहिली, लावून येतो. सगळ्या आसगावात असं म्हणणारी ती एकटीच. अड्याळला नुसतं पाळण्यात बसायला आल्या होत्या. नाटकात आई दिसली.

"ते खरं होय काय, सिस्टर? का तुम्ही तयार केलं?"

खरं आहे म्हटलं. हात, श्वास, सगळं. आधी उजवा हात थांबला, मग डावा. जवळ मी होते. मी नाडी धरली होती, हात नाही.

त्यांनी चहाला हात लावला नाही. पदर सारखा केला आणि उठून गेल्या. भैय्यालालनी विचारलं, काय झालं? पितळेत सगळीकडे माझंच वाकडं तोंड दिसत होतं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

आज कुठे हिंडले नाही. सरळ शेडवर गेले. जागेश्वरला सांगितलं, मी सोडते, रविवारी तुमसरला मोनिकाला उभी करा. कारणही सांगितलं. ज्या पोरीला तिच्या आईचं मरण सांगायला मला दोन मिनिटं मिळाली नाहीत, ते मी अख्ख्या मंडईला दाखवलं, आणि वर शिट्टीची नोंद घेतली. हसायला गेले होते मी मोनिकाच्या पाच मिनिटांच्या भाषणाला. निदान ते तिने कोणाकडून उचललं नव्हतं.

जागेश्वर बराच वेळ ब्रश धूत राहिला. आभाळ रंगवायचं बाकी होतं, ते रंगवायला लागला.

शनिवार, १ नोव्हेंबर

सकाळी आसगावहून देवकाबाईंचा फोन. उद्या प्रयोग कुठे, किती वाजता, म्होरं बसायले भेटन काय. त्यांचे दोन्ही भाऊ येणार आहेत. मोठा सुरतेहून निघालासुद्धा.

मी कसंबसं विचारलं, "नाटक पाहायले?"

"नाही वो सिस्टर. मायले भेटायले."