ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे बांगडे

इंदिरानगर, बेंगळुरू
१२ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
वीणाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कानातलं यंत्र फोनवर शिट्ट्या मारायला लागल्यापासून आपण पुन्हा पत्रांवर आलो, ते मला तरी आवडलंय. फोनवर तू नुसते हुंकार देऊन मला कटवायचास.

बातमी अशी की येत्या जानेवारीत आमची दक्षिण विभागीय मत्स्यविज्ञान परिषद इथे भरते आहे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी शेषगिरीने मला सोडलेलं नाही. तो माझ्या हाताखाली शिकला, आता परिषदेचा अध्यक्ष आहे, आणि काम सांगताना अजून अक्का म्हणतो, त्यामुळे मोडता घालता येत नाही. पहिल्या सभेत दीड तास वाद झाला तो जेवणात मासे ठेवायचे की नाहीत यावर. मंगळुरूकर म्हणाले, मासे नसतील तर आम्ही येतो कशाला. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. चाळीस वर्षं मासे मोजून एकही तोंडात न घातलेली बाई काय निवाडा देणार? मी म्हटलं, दोन पंगती करा. पाहुण्यांना भेट म्हणून मासे मोजायच्या छोट्या पट्ट्या द्यायच्या आहेत, त्या मकरंद पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या नागराजच्या कारखान्यातून करून आणतोय. निवृत्त इंजिनिअरला काम मिळालं की घरात शांतता नांदते.

आता मुख्य गोष्ट. माझं भाषण ठरलंय, वेंगुर्ल्याचा बांगडा चाळीस वर्षांपूर्वी केवढा होता आणि आता केवढा आहे. आताची मापं माझ्या विद्यार्थिनीने, केतकीने, दोन वर्षं तिथे राहून घेतलीत. तीच ती, तुमच्याकडे एका बैठकीत अकरा घावने खाणारी पुण्याची मुलगी. जुनी मापं म्हणजे माझ्या प्रबंधाच्या वह्या. पहिल्या वर्षाची मी घेतलेली, आणि लग्न होऊन इकडे आल्यावर पुढची दोन वर्षं तू. त्या तुझ्या कपाटात आहेत, जपून पाठव. गौरीवहिनीला नमस्कार.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी,
वीणा


वेंगुर्ले
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. वीणास,
हरीचे अनेक आशीर्वाद.

तिन्ही वह्या आजच पोस्टाने पाठवल्या. गौरीने त्या जुन्या साडीत बांधल्या आहेत. पोस्टातल्या बाईंनी आत काय आहे विचारलं, मी बांगडे म्हणालो, तर त्यांनी पार्सल दोन बोटांनी उचललं.

बांधायच्या आधी चाळल्या. इकडून निघताना तू मला ओसरीवर बसवून शिकवलं होतंस. मासा घरात आणायची सोय नाही, म्हणून काकडी घेतलीस आणि तिला विड्याच्या पानाचं शेपूट लावलंस. तोंड पट्टीच्या शून्याला, आणि शेपटाचं लांब टोक टेकेल तो आकडा. शेपूट तुटलेला मासा घ्यायचा नाही. आठवड्यातून दोनदा, दर वेळी पन्नास. भाऊ झोपाळ्यावरून म्हणत होते की मुलीला एवढं शिकवलं ते काकड्या मापायला. आई मागे शिवणाच्या मशीनवर होती आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. तू हा विषय घेतलास तेव्हा ती आठ दिवस तुझ्याशी बोलली नव्हती, आठवतं ना?

मी गणिताचा मास्तर. माशांचा वास घेऊन वर्गात शिरलो की पोरं बाक मागे सरकवायची. पण वाळूवरच्या त्या सकाळी मला फार आवडायच्या. रापणीचं जाळं ओढायला सगळी वाडी किनाऱ्यावर असायची आणि मास्तर आले म्हणून मला आधी मासे काढून द्यायची. आता बर्फाच्या गाड्या उभ्या असतात, आणि मला ओळखणारं तिथे कोणी उरलेलं नाही.

मकरंदरावांना नमस्कार. लोभ असो, खोड्या माफ.
हरी


इंदिरानगर, बेंगळुरू
६ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
वीणाचा सा. न. वि. वि.

वह्या मिळाल्या, वहिनीचा फराळही मिळाला. चकल्या मकरंदने एकट्याने संपवल्या आणि वर वाईट वाटल्याचा चेहरा केला.

केतकीने सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवून महिनेवार आलेख काढला. माझ्या काळी आम्ही हाताने वर्षाची एकच सरासरी काढायचो, म्हणून तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नसावं. ऑक्टोबर १९८१ ते फेब्रुवारी १९८२ या पाच महिन्यांत बांगडे एकदम दोन सेंटिमीटर आखूड झालेत, आणि मार्चमध्ये पुन्हा लांब. मासे असं करत नाहीत, दादा. आणि अक्षर पाचही महिने तुझंच आहे.

केतकी म्हणाली की मॅम, हा डेटा घरी बसून भरलेला वाटतो, ड्रॉप करूया. मी तिच्यावर ओरडले, आणि मग तीन दिवस मलाच चैन पडेना. त्या हिवाळ्यात तुला कावीळ झाली होती, मध्ये उलटलीही होती. तरी तू मला दर पंधरवड्याला लिहीत होतास की मोजणी चुकलेली नाही.

माझी अडचण समजून घे. हे आकडे आहेत तसे धरले तर त्या वर्षीचा बांगडा आताच्याइतकाच दिसतो आणि माझं भाषण तिथेच संपतं. सोडून दिले तर त्या वर्षीचा बांगड्याचा ऐन हंगामच गळतो, आणि सभेतलं कोणीही विचारेल की हंगाम कुठे गेला. म्हणून विचारते, रागावू नकोस. ती मापं कोणी घेतली, आणि कशी?

उत्तराची वाट बघते. लोभ ठेव.
वीणा


वेंगुर्ले
१४ नोव्हेंबर २०२४

सौ. वीणास, आशीर्वाद.

आकडे खोटे नाहीत. एकही घरी बसून लिहिलेला नाही. याहून जास्त विचारू नकोस, मी एका माणसाला शब्द दिला आहे.

सख्खी बहीण त्रेचाळीस वर्षांनी आपल्याला चोर ठरवते हे वाचून आज गौरीने केलेलं खतखतं पानातच टाकून उठलो. बाकी प्रकृती ठीक.

लोभ असावा, संशय नसावा.
हरी


इंदिरानगर, बेंगळुरू
२३ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
वीणाचा सा. न. वि. वि.

माझं चुकलं. विचारायची रीत चुकली, पण प्रश्न तसाच आहे. पंधरा डिसेंबरला निबंध छपाईला जातो. मोजणारं कोण होतं आणि कसं मोजलं हे सांगता आलं नाही तर मी भाषण मागे घेणार, आणि माझ्या प्रबंधात पाच महिन्यांचं भोक आहे असं स्वतःच लिहून कळवणार. शेषगिरी म्हणाला की अक्का, स्वल्प अडजस्ट माडी, थोडं जुळवून घ्या, कोण बघतंय. मी त्याला असं शिकवलं नव्हतं.

या दिवसांत सारखी आई आठवते. चौऱ्याऐंशीत मी प्रबंध बांधून घेऊन घरी आले. भाऊंनी पानं उलटून पाहिली, आईने हातही लावला नाही, म्हणाली माळ्यावर ठेव. सुट्टीत आले की शेजारच्या गाईपासून सगळ्याची चौकशी करायची, माझ्या कामाची सोडून. ती गेली तेव्हा मी खूप रडले, पण त्या रडण्यात राग होता, आणि तो पंचवीस वर्षं झाली तरी गेलेला नाही. आज ती असती तर म्हणाली असती, त्या घाणीत हात घालून शेवटी काय मिळवलंस. हे मी तुझ्यापाशीच बोलू शकते.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
वीणा


वेंगुर्ले
३ डिसेंबर २०२४

चि. वीणास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. माझ्यावर संशय घेतलास ते मी सोसलं असतं. तिच्याबद्दल लिहिलंस ते सोसवत नाही. म्हणून आज शब्द मोडतो.

ती मोजणी आईने केली.

सप्टेंबरअखेर कावीळ झाली तेव्हा मला उठता येत नव्हतं, आणि पडल्यापडल्या एकच घोकत होतो की वीणाचं वर्ष बुडणार. एक दिवस आई उशाशी येऊन बसली आणि विचारलं, किती मासे मोजायचे असतात. मला वाटलं ताप डोक्यात गेला. आपली आई! मासळीवाली गडग्याबाहेरून गेली तरी मागोमाग अंगणात सडा टाकणारी. भाऊंना तिने सांगितलं की हरीसाठी देवळात प्रदक्षिणांचा नेम धरलाय, आठवड्यातून दोन दिवस, पहाटे. भाऊ गावभर तिचं कौतुक सांगत फिरले. ती किनाऱ्यावर जायची, पन्नास मासे मोजायची, मग देवळाच्या विहिरीवर डोक्यावरून अंघोळ करून ओल्यानेच घरी यायची, ऐन थंडीत. प्रदक्षिणाही खरोखर घालायची, कारण देवाचं नाव घेऊन खोटं बोलायचं नव्हतं. आकडे चिठ्ठीवर लिहून आणायची आणि मी ते वहीत उतरवायचो.

कसे मोजले तेही सांगतो. तुझी लाकडी पट्टी भाऊंना दिसली असती, म्हणून ती ब्लाउज शिवायची टेप कमरेला खोचून न्यायची. पहिल्या दिवशी रापणीवरच्या बायका हसल्या. मग एकजण तिला मासे धरून द्यायला लागली, आणि पंधरा दिवसांनी आई स्वतःच धरायला लागली. मी एकदा विचारलं की शेपटाच्या टोकापर्यंत मोजतेस ना. ती म्हणाली, छे, मधल्या बेचक्यापर्यंत, पदराच्या दशा कोणी मापात धरतं का. मी ऐकून घेतलं आणि गप्प बसलो. इतके कष्ट करणाऱ्या माणसाला चूक दाखवायचा मला धीर झाला नाही, आणि तुला कळवलं तर बिंग फुटलं असतं. तो दोष सगळा माझा. निबंधावर नाव घालायचं झालं तर तिचं घाल, माझं नको.

मार्चमध्ये मी हिंडाफिरायला लागलो तेव्हा तिने माझ्याकडून वचन घेतलं, भाऊंना सांगायचं नाही आणि वीणाला तर मुळीच नाही. मी म्हटलं, वीणाला किती आनंद होईल. तर म्हणाली, मी विरोधात आहे असं वाटतंय म्हणून ती ईर्ष्येने करतेय, तसंच चालू दे, ती थांबली तर माझ्या पाच महिन्यांच्या अंघोळी फुकट. तुझा प्रबंध माळ्यावर गेला खरा. तू परत गेल्यावर तिने तो मला खाली काढायला लावला. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तिचे मासे कुठल्या पानावर आहेत ते दाखव म्हणाली, आणि त्या पानावरून बराच वेळ हात फिरवत बसली.

आता राग सोड. लोभ सगळा तुझ्याकडेच आहे.
दादा


इंदिरानगर, बेंगळुरू
२० जानेवारी २०२५

ती. दादास,
वीणाचा शि. सा. न. वि. वि.

मध्ये फक्त पोच पाठवली, कारण काय लिहावं सुचत नव्हतं. तुझं पत्र वाचून दोन दिवस मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. मकरंदने स्वयंपाक केला आणि मी तो मुकाट्याने जेवले, यावरून माझी अवस्था ओळख.

तिसऱ्या दिवशी वही उघडली. कोणी सांगितलं म्हणून मान्य करणं मला जमत नाही, आईच्या बाबतीतही नाही. आणि दादा, पुरावा वहीतच होता. तुझ्या आणि माझ्या महिन्यांत पानापानावर शेपूट तुटलं, सोडला, असे शेरे आहेत. आईच्या पाच महिन्यांत एकही नाही. बेचक्यापर्यंतच मोजायचं तर टोकं तुटली काय आणि राहिली काय, तिला सारखंच. मग केतकी आणि मी इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात जाऊन दोनशे बांगडे दोन्ही तऱ्हांनी मोजले. मासळीवाला अण्णा दर दहा माशांनी विचारत होता की अक्का, घेणार किती. दोन मापांतलं प्रमाण काढून आईचे आकडे त्याप्रमाणे वाढवले, तर पाचही महिने मागच्यापुढच्या महिन्यांशी सरळ रेघेत आले. केतकी म्हणाली की मॅम, सगळ्या वह्यांत सर्वात नीट मापं यांची आहेत. तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही.

सतरा तारखेला भाषण झालं. बांगडा खरंच आखूड झालाय, ते आता कोणाला नाकारता येणार नाही. कोचीच्या एकाने विचारलंच की त्या पाच महिन्यांत बेचक्यापर्यंत मोजलं हे कशावरून. मी शेऱ्यांचं सांगितलं, आणि पदराच्या दशांचंही. सभागृह हसलं. मंगळुरूच्या एका वृद्ध शास्त्रज्ञांनी फक्त आईचं नाव पुन्हा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

निबंधावर तीन नावं आहेत, माझं, केतकीचं आणि आईचं. अर्जात प्रत्येकाच्या संस्थेचा रकाना भरल्याशिवाय गाडी पुढे जात नव्हती. केतकीने आईपुढे वेंगुर्ले किनारा असं भरलं. काल समारोपात प्रमाणपत्रं वाटली. कॉम्प्युटरने सगळ्यांच्या नावांना सरसकट एकच बिरुद लावलेलं, त्यामुळे आईच्या कागदावर छापलंय, डॉ. अहल्या पाध्ये. शेषगिरी ओशाळला, दुसरं छापून देतो म्हणाला. जन्मभर मी लोकांच्या छपाईतल्या चुका काढल्या, ही राहू दिली. सोबत तेच पाठवते आहे.

दादा, तो राग आता माझ्यापाशी नाही. त्याच्या जागी एक हळहळ आहे, ती तुला सांगून टाकते. त्याच हिवाळ्यात, डिसेंबरात, मी इथून आईला एक पत्र लिहिलं होतं, की मी इतकी राबते आणि तुला माझ्या कामाचं काही पडलेलं नाही. ते तिला मिळालं तेव्हा ती आठवड्यातून दोनदा ओलेत्याने घरी येत होती. तिने उत्तरात कामाबद्दल एक शब्द लिहिला नाही. एवढंच लिहिलं होतं की इकडे पहाटे थंडी फार पडते आहे, तू स्वेटर घालत जा.

माया कर, आणि शब्द मोडल्याचं मनाला लावून घेऊ नकोस.
तुझी,
वीणा