मातीतला सोंडकिडा

ती. आईला,
तुझ्या किडेवालीचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर, खोली उबदार, खोकलाही पळाला. (गेल्या महिन्यात झाला होता, तुला कळवला नव्हता.)

कामाचं म्हणशील, तर सगळं एका बरणीवर अडलंय. रानअक्रोड पोखरून बाहेर आलेली आमची अळी त्या बरणीतल्या मातीत झोपलीय. तिचा सोंडकिडा होऊन वर आला, की त्याची जात ओळखायची आणि मी घरी. आमचा अंदाज खरा ठरला, तर ही जात फार थोड्यांनी पाहिलीय. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणतात, "धीर धर, कधी कधी दोन वर्षंही झोपते ती." दोन वर्षं!

तुझं पत्र मिळालं. 'इकडे सगळं ठीक' हे तीन-तीनदा का लिहिलंस? आणि खाली बाबांची ओळ कुठाय? दर पत्रात ते 'तुझ्या किड्यांना आशीर्वाद' असं खरडतात. हात दुखतोय का त्यांचा? की आणखी काही?

काल मला राहवलं नाही. जी माती हलवायची नाही म्हणून मी सगळ्यांना दटावते, ती मीच चमच्याने उकरली. अळी जिवंत होती, पण तिने मातीत केलेलं घर माझ्या हातून मोडलं. बाई रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "घरी कोण आजारी आहे?"

बरणी त्यांच्या हवाली केलीय. सोंडकिडा यायचा तेव्हा येवो, मी रविवारी येतेय.

बाबांना म्हणावं, ती ओळ आता तोंडीच सांगा.

तुझी,
किडेवाली