सम्राज्ञीच्या पत्त्यांच्या टेबलाजवळची खुर्ची

३ फेब्रुवारी, पीटर्सबर्ग
आज दरबारात सम्राज्ञी माझ्याकडे बघून हसल्या. अगदी स्पष्ट. मध्ये नेपल्सचा नवा वकील, मार्क्विस फुल्वियो, उभा होता. पण तो उगाचच उभा होता. होहेनलिंडच्या ड्यूकचा वकील म्हणून अकरा वर्षं मी इथे आहे. बाईंचं मन माझ्याइतकं कुणाला कळतं? ड्यूकना रिपोर्ट धाडला: सम्राज्ञी आपल्या मुठीत आहेत.

६ फेब्रुवारी
फुल्वियोला सम्राज्ञींच्या खासगी पत्त्यांच्या टेबलापाशी खुर्ची! कालचं पोरगं. मला मत्सर वगैरे नाही, दरबाराच्या इभ्रतीची काळजी वाटते, इतकंच. तो सांगत सुटलाय, बाई पहाटे उठून स्वतः शेगडी पेटवतात नि कामाला बसतात. साफ थाप. बाई देखण्या चेहऱ्याला भुलतात, हे इथला प्रत्येक वकील आपापल्या राजाला कळवतो. ओतिलीने विचारलं, "मग अकरा वर्षांत तुमच्या चेहऱ्याला कशा नाही भुलल्या?" बायकोला राजकारण कळत नाही.

८ फेब्रुवारी
सकाळी: फुल्वियोकडे संपूर्ण दुर्लक्ष करायचं. फायनल.
संध्याकाळी: त्याच्या शिंप्याकडे त्याच्यासारखाच निळा कोट टाकला.

१२ फेब्रुवारी
कोट आला. काखेत काचतो. हात वर होत नाहीत. मुजरा खाली वाकून करायचा असतो, त्यामुळे अडचण नाही.

१५ फेब्रुवारी
मास्लेनित्साचा सण. नेवा नदीवर बर्फाची टेकडी. सम्राज्ञी स्वतः बघायला आलेल्या. फुल्वियो घसरगाडीवरून झुळकीसारखा खाली आला; बाईंनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मग मीही वर चढलो. उतरताना कोट पाठीवर टर्रकन उसवला, टोप उडाला आणि मी पालथा थेट बाईंच्या पायांशी. ओतिली धावत आली. मासळीबाजारात घासाघीस करून शिकलेल्या रशियनमध्ये सगळ्यांदेखत ओरडली, "अहो, मुजरा उभ्याने करायचा असतो!" सम्राज्ञींच्या डोळ्यांत पाणी आलं.
माझ्यासाठी.

१८ फेब्रुवारी
राजवाड्याची गाडी दारात! पत्त्यांचं निमंत्रण. मी नवा टोप चढवून जिना उतरलो. दूत अदबीने म्हणाला, "आपल्याला नाही महाराज. बाईसाहेबांना."
काहीतरी गोंधळ झाला असणार. ओतिलीला तात्पुरतं जाऊ दिलं.

२४ फेब्रुवारी
ओतिली आजही गेली. मी वाट बघत नव्हतो; खिडकीत उभा होतो. तेवढ्यात फुल्वियो आला. चेहरा पडलेला. टेबलापाशी त्याची खुर्ची आता ओतिलीला दिली आहे. आम्ही दोघं लोणच्याच्या काकड्या खात बसलो. पोरगा तसा वाईट नाही. चांगला जळतो.

ओतिली आली, गालांवर लाली. मी सहज विचारलं, बाई कशा आहेत?
"दमलेल्या आहेत हो. सगळे काहीतरी मागायलाच येतात म्हणाल्या. आज डाव हरल्या तर लहान पोरीसारख्या चिडल्या."
"माझ्याबद्दल काही?"
"हो, विचारत होत्या ना."
मी ताठ बसलो. फुल्वियोची काकडी हातातच राहिली.
"तुमचे यजमान नक्की कुठल्या देशाचे वकील, म्हणाल्या."

फुल्वियोबद्दल त्यांनी तेवढंही विचारलं नाही. हे उद्याच्या रिपोर्टात घालायला हवं.