चाळीस माणसांची पायोख

६ एप्रिल, रविवार. अल्फारेटा, अमेरिका.
आजपासून रोज लिहायचं. दहावी नापास माणसाने लिहू नये असा काही कायदा नाही.
दर रविवारी आमच्या हॉटेलात इडली खायला येणारी लतिका आज थेट किचनच्या दारात आली. आसामची आहे, सॉफ्टवेअरमध्ये. पुढच्या आठवड्यात त्यांचा बिहू, म्हणजे नवीन वर्ष. जोरहाटहून आई येतेय. १९ तारखेला, शनिवारी, हॉलवर चाळीस माणसं. त्यांच्यासाठी पायोख करशील का, म्हणाली. इथे सहा कुक आहेत. विचारलं मला. यातच सगळं आलं.

७ एप्रिल, दुपारी ३.
लतिकाने फोनवर पायोखचा इतिहास सांगितला. जोहा नावाचा बारीक, वासाचा तांदूळ, दूध, तेजपत्ता. तिच्या आजीच्या लहानपणी साखर कुठली, गूळच. तोही पातेलं उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. देवाला करतात, वाढदिवसाला करतात. अकरा मिनिटं बोलली. एवढी माहिती कोणी कोणाला उगाच देत नाही.
म्हणजे आपली तांदळाची खीरच. पण तसं बोललो नाही.
आईला फोन. ती म्हणाली, ही आपल्यात पितरांना करतात, तू कोणासाठी करतोयस? म्हटलं, तुझ्या सुनेसाठी. तिकडे भांडं पडल्याचा आवाज.

९ एप्रिल
ट्रायल पहिली. खाली लागली. इथलं दूधच तसलं.
ट्रायल दुसरी. तीही. तंदूरवर असतो तो कृष्णा म्हणाला, ढवळायचं सोडून फोन बघत बसलास तर दूध काय करणार.
ठरलं. या शनिवारी लतिका तांदूळ द्यायला येईल, तेव्हा सरळ विचारायचं.

१२ एप्रिल, शनिवार
विचारलं नाही. जोहाची पिशवी द्यायला आली, पण गाडी चालूच ठेवून. असले विषय घाईत काढू नयेत.
ट्रायल पाचवी जमली. कृष्णाने वाटी पुढे केली, परत.

१५ एप्रिल, मंगळवार
मोठा दिवस. तिच्या आईला चव दाखवायला लतिकाने घरी बोलावलं. मी ओळखलं. आपल्याकडे मुलगी कांदेपोहे घेऊन येते, यांच्यात मुलगा खीर. शर्टाला इस्त्री केली. नजर खाली ठेवली.
तिच्या आईने दोन चमचे खाल्ले. तिसऱ्याला डोळे पुसले. म्हणाल्या, सासूबाई गेल्यावर अशी पहिल्यांदा खाल्ली. मग आतून लाल काठाचा पांढरा टॉवेल आणला, गमोसा म्हणतात, आणि दोन्ही हातांनी माझ्या गळ्यात घातला. लतिकाने फोटो काढला.
आमच्या सांगोल्याकडे सासऱ्याने टॉवेल-टोपी दिली की सोयरीक पक्की. इथे सासूने दिला, टोपी नाही. एवढाच फरक.
आईला फोटो पाठवला.

१६ एप्रिल
आईने गल्लीत पेढे वाटले. मामालाही कळवलं. कृष्णाने विचारलं, पोरीला कळवलंस का? जळतो. आता विचारण्यासारखं उरलंय काय.

१९ एप्रिल, शनिवार
पातेलं एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने कृष्णा. माझ्या गळ्यात गमोसा.
हॉलच्या पार्किंगमधल्या अमेरिकन सिक्युरिटीवाल्याच्या गळ्यातही गमोसा. म्हटलं, असेल काही. आत ढोलवाल्याच्या. मग आमचे मालक राजेशकाका, ते नुसते समोसे पोचवायला आलेले, त्यांच्या. लतिकाची आई गठ्ठा घेऊन उभ्या होत्या, येईल त्याच्या गळ्यात घालत होत्या. दोन्ही हातांनी. कृष्णालाही घातला. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
लतिकाला विचारलं, हे काय. म्हणाली, बिहूला मान म्हणून देतात, सगळ्यांना. मग माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. संग्राम, यार, म्हणाली.
लोक वाट्या घेऊन उभे होते. मी वाढत राहिलो. पातेलं पुसून खाल्लं त्यांनी.

२० एप्रिल, रविवार
लतिका इडलीला आली नाही.
आईचा फोन. मामा तारीख विचारतोय म्हणाली. सांगितलं, मीच नकार दिला, भाषेचं जुळेना. आई म्हणाली, मोडलं तर त्यांचं त्यांना परत द्यायचं असतं. टॉवेल दिलास का?
दिला म्हटलं.
गळ्यातच आहे.